किल्ली शेजारच्या घरी

ग्रान्योन, रात्री

स्पेनमधून सांतियागोच्या यात्रेला पायी निघाले आहे. आज मुक्काम चर्चमध्येच आहे. सान हुआन बाउतिस्ताच्या घंटेच्या मनोऱ्याला लागून दगडी गोल जिना वर चढतो आणि वरच्या खोलीत जमिनीवर पातळ गाद्या अंथरलेल्या असतात. दाराशी एक पेटी आहे, झाकण सताड उघडं. ‘जमेल ते ठेवा, लागेल ते घ्या’ असं तिच्यावर लिहिलंय. आत नोटा-नाणी उघड्यावर पडली आहेत आणि राखण करायला कुणी नाही. मी माझे पैसे टाकले आणि थोडा वेळ तिथंच उभी राहिले. इतका विश्वास टाकलेली वस्तू बघायला मिळत नाही फारशी.

संध्याकाळी सगळ्यांनी मिळून स्वयंपाक केला. जेवणानंतर गायकवृंदाच्या गॅलरीत अंधारात बसलो आणि एक मेणबत्ती हातोहात फिरली. ज्याच्या हातात ती येईल त्यानं दोन शब्द बोलायचे. माझ्याकडे आली तेव्हा मी स्वर्गातल्या बापाची प्रार्थना मराठीत म्हटली. कुणाला कळली नसेल, पण सगळे ‘आमेन’ म्हणाले.

एकटी का निघालीस, असं घरी सगळ्यांनी विचारलं होतं आणि वाटेतही लोक विचारतात. सोबत असली की बोलण्यात वाट सरते, आणि मला ती सरायला नको आहे. सांतियागोला येशूचा शिष्य संत याकोब याच्या कबरीपाशी पोहोचायचंच आहे, पण खरी ओढ मधल्या गावांतल्या लहान चर्चची. तिथं हवं तितकं थांबता यावं म्हणून एकटी.

सान हुआन दे ओर्तेगा

विल्याफ्रांका गाव सोडलं की साधारण 12 किलोमीटर नुसतं जंगल, ओक आणि पाइन. मधे गाव नाही. एके काळी इथं वाटमारी चालायची. बाराव्या शतकात हुआन नावाच्या धर्मगुरूनं याच रानात यात्रेकरूंसाठी निवारा आणि चर्च बांधलं. सांतो दोमिंगो नावाच्या संताच्या हाताखाली तो रस्ते आणि पूल बांधायला शिकला होता. 1163 साली तो गेला आणि त्याची कबर इथंच आहे. संतपण म्हटलं की मला आधी उपास, ध्यान, चमत्कार आठवायचे. इथं कबरीपाशी बसल्यावर वाटलं, चिखलात दगड बसवत राहणं हीसुद्धा केवढी मोठी प्रार्थना! आज मी ज्या वाटेवरून कोरड्या पायांनी आले, ती त्याच्यासारख्यांनी राबून केलेली आहे.

इथल्या एका खांबाच्या माथ्यावर देवदूत येशूच्या आईला, मारियेला, निरोप सांगतो आहे तो प्रसंग कोरलाय. वर्षातून दोनदा, 21 मार्च आणि 22 सप्टेंबरच्या सुमारास, संध्याकाळचं ऊन खिडकीतून नेमकं त्याच शिल्पावर येतं आणि काही मिनिटं तिथं राहतं. मी त्या तारखांना आलेली नाही. तरी मान वर करून बराच वेळ पाहिलं. मारियेचे दोन्ही तळहात बाहेरच्या बाजूला वळलेले आहेत. घाबरल्याचे म्हणावेत की स्वीकारल्याचे, दोन्ही वाटतं.

मेसेतावर, दुपारी

मेसेता म्हणजे स्पेनच्या मधलं उंच पठार. गहू कापून झालेली सपाट शेतं, सावली नाही. सकाळपासून चार माणसं दिसली असतील.

एका लहानशा गावातलं चर्च बंद होतं. बहुतेक बंदच असतात. एकेका धर्मगुरूकडे अनेक गावं असतात, त्यामुळे मिस्सा, म्हणजे भाकरी-द्राक्षारसाची उपासना, रोज होत नाही. घंटेच्या मनोऱ्यावर करकोच्याचं घरटं होतं, पक्षी मात्र उडून गेलेले. दाराच्या चौकटीला खिळ्यानं एक कागद ठोकला होता, त्यावर हातानं लिहिलेला घराचा क्रमांक. मी ते घर शोधलं आणि कडी वाजवली.

एक म्हाताऱ्या बाई बाहेर आल्या. माझी पाठीवरची पिशवी आणि तिला यात्रेकरूची खूण म्हणून बांधलेला शिंपला पाहिला आणि काही न विचारता आत जाऊन किल्ली घेऊन आल्या. वीतभर लांबीची लोखंडी किल्ली, तिची कडी हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. त्यांनी ती कुलपात घातली, दाराला खांदा लावला, दार थोडं उचललं आणि मग फिरवली. हे दार कसं उघडतं हे गावात आता त्यांनाच ठाऊक असणार.

आत गारवा आणि मेणाचा वास. बाईंनी पदरासारखा एप्रन धरून वेदीच्या कडेवरची धूळ पुसली. मग भिंतीवरचं बटण दाबलं, तशी वेदीमागची सोनेरी लाकडी भिंत उजळली. खालच्या कोपऱ्यात संत याकोब यात्रेकरूच्याच वेषात, हातात काठी, टोपीला शिंपला. बाईंनी बोटानं आधी त्याच्याकडे दाखवलं, मग माझ्याकडे, आणि हसल्या. आम्ही दोघी गुडघे टेकून बसलो, त्या त्यांच्या भाषेत आणि मी माझ्या.

निघताना त्यांनी कपाटातून शिक्का काढला, शाईच्या डबीवर दाबला, आधी एका रद्दी कागदावर उमटवून पाहिला आणि मगच माझ्या यात्रापत्रावर ठसा उमटवला. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत, दानपेटीकडे बोट दाखवलं. मग कुलूप लावून किल्ली एप्रनच्या खिशात टाकली आणि घरी गेल्या. त्यांच्यानंतर ही किल्ली कोणाकडे जाईल? गावात तरुण माणूस मला एकही दिसला नाही. हा विचार पुढे बरेच मैल माझ्याबरोबर चालत राहिला आणि तो हलका करावा असं मला वाटतही नाही. चर्च दगडाचं असतं हे खरं, पण ते उघडतं कुणाच्या तरी हातानं.

फ्रोमिस्ता

सान मार्तिनचं चर्च 1066 पासूनचं. छताच्या कडेखाली 300 च्या वर दगडी ब्रॅकेट, प्रत्येकावर काही ना काही कोरलेलं, कुठे प्राणी, कुठे माणसाचं तोंड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फार बारकाईनं दुरुस्ती झाली आणि आता सगळं इतकं नीटनेटकं आहे की मी आत जरा परकी झाले. सुंदर आहे, यात शंका नाही. पण माझं मन त्या किल्लीवाल्या बाईंच्या दारातच रेंगाळलेलं.

ओ सेब्रेइरो

चढण अंगावर आली. वर पोहोचले तेव्हा धुकं इतकं की दहा पावलांवरचं चर्च दिसेना. उंची सुमारे 1300 मीटर.

इथली कथा मी लहानपणी ऐकली असती तर बरं झालं असतं. हिमवादळात एक शेतकरी खालच्या गावातून मिस्सेसाठी डोंगर चढून आला. चर्चमध्ये दुसरं कोणी नव्हतं. मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूला मनात वाटलं, काय हा खुळा, थोड्याशा भाकरी-द्राक्षारसासाठी एवढी पायपीट! त्याच क्षणी भाकरीचं मांस आणि द्राक्षारसाचं रक्त झालं, असं सांगतात. तो जुना प्याला अजून इथं जपून ठेवलाय. मला त्या चमत्काराहून तो शेतकरी जवळचा वाटतो. रिकाम्या चर्चमध्ये, बर्फात भिजलेले कपडे तसेच अंगावर ठेवून तो बसला असेल. तो नसता तर त्या दिवशी मिस्सेला माणूसच नव्हता.

याच चर्चमध्ये एलियास वालिन्या हे धर्मगुरू होते. 1980 च्या दशकात ही वाट जवळजवळ विसरली गेली होती, तेव्हा त्यांनी रंगाचा डबा घेऊन पिवळे बाण रंगवायला घेतले, झाडांवर, दगडांवर, भिंतींवर. 1989 साली ते वारले. 1987 मध्ये युरोप परिषदेनं या वाटेला पहिला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान दिला होता, म्हणजे एवढं त्यांना बघायला मिळालं. चर्चबाहेर त्यांचा अर्धपुतळा आहे. मी दोन्ही हातांनी त्याला स्पर्श केला. इतक्या दिवसांत मी एकदाही नकाशा उघडलेला नाही, त्यांच्या बाणांमागून चालते आहे.

पोर्तोमारिन

सारिया गावापासून गर्दी फार वाढली. यात्रा केल्याचं प्रमाणपत्र मिळायला शेवटचे निदान 100 किलोमीटर पायी चालावे लागतात, म्हणून बरेच जण सारियातून सुरुवात करतात. या टप्प्यात दिवसाला दोन शिक्के लागतात, त्यामुळे चर्चच्या दारात शिक्क्यासाठी रांग असते. आज एका चर्चमध्ये शिक्का घेऊन लोक दारातूनच माघारी वळत होते. मला वाईट वाटलं, कारण आत मेणबत्ती लावायला एक माणूस सकाळपासून बसलेला होता. पण त्यांच्यातल्याच एक बाई परत फिरून आत आल्या आणि शेवटच्या बाकावर बसून रडू लागल्या. मग मी इतरांच्या भक्तीचं माप काढणं सोडून दिलं.

इथलं सान निकोलास म्हणजे चर्च कमी आणि किल्ला जास्त. 1960 च्या दशकात मिन्यो नदीवर बेलेसारचं धरण झालं आणि जुनं गाव पाण्याखाली गेलं. गावकऱ्यांच्या घरांचं जे व्हायचं ते झालं, पण चर्चचा एकेक दगड क्रमांक घालून उतरवला आणि टेकडीवर परत रचला. क्रमांक अजून दिसतात. मी पश्चिमेच्या भिंतीवरून हात फिरवत गेले. एका दगडावरचा आकडा जवळजवळ पुसलेला आहे, दुसऱ्यावर कालच रंगवल्यासारखा. ज्यांची स्वतःची घरं बुडाली त्यांनी रविवारी नव्या जागी जुन्याच दारातून आत जाताना काय वाटून घेतलं असेल, हे कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारायची फार इच्छा होती. भाषा तेवढी येत नाही.

पाय ठीक आहेत. डाव्या टाचेचा फोड वाळला.

उद्या पालास दे रेईच्या आधी मुख्य वाट सोडून विलार दे दोनासला वळणार आहे. तिथल्या चर्चच्या भिंतींवर पंधराव्या शतकातली चित्रं आहेत आणि संत याकोबाच्या नावाच्या पंथाचे सरदार तिथं पुरलेले आहेत. जाऊन-येऊन चाल वाढेल आणि गर्दी त्या बाजूला वळत नाही. अंधार असतानाच निघते, म्हणजे दार बंद असलं तर किल्ली कोणाकडे आहे ते शोधायला वेळ राहील.