मेंदीला रेडी हात

कुणी काही वाईट बोललेलं नाहीये, हे आधी लिहून ठेवते. नाहीतर पुढे कधीतरी वाचताना मलाच वाटायचं की एनएसएसच्या बंधारा बांधायच्या शिबिरात भांडणं झाली होती.

काल जेवणं झाल्यावर पोरं शाळेच्या पडवीत हातावरचे फोड दाखवत बसली होती. कुणाचा मोठा, कुणाचा फुटला, छोटीच्या तर दोन्ही तळव्यांना, आणि ती सगळ्यांपुढे हात नाचवत फिरतेय. मी हळद आणि खोबरेल घेऊन एकेकाला लावत होते. चष्मिस म्हणाला, ताई तुझे दाखव की. मी दाखवले, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "ताईचे हात म्हणजे मेंदीला रेडी!" सगळे हसले. मीपण हसले. बास, एवढंच झालं.

आणि रात्रभर तेच डोक्यात. कूस बदलली की मेंदी, पाणी प्यायला उठले की मेंदी.

च्यायला, मी काय करते मग दिवसभर? साडेपाचला पन्नास डोकी उठवते, त्यातली दहा परत झोपतात, ती परत उठवते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांसाठी बिल्डिंगच्या साइटवर जाऊन हात कुणी पसरले, निम्म्या फाटक्या निघाल्या तेव्हा परत कोण गेलं, त्या झटकताना नाकातोंडात सिमेंट कोणाच्या गेलं? पंचायतीतून घमेली-फावडी मोजून आणायची, संध्याकाळी मोजून परत द्यायची, एक फावडं कमी आलं की अंधारात टॉर्च घेऊन पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, कोण उतरतं? काठी आपटल्याशिवाय दगड उचलू नका, खाली काहीही असू शकतं, हे ओरडून ओरडून माझा घसा बसलाय. घशाला फोड येत नाही ना, आला असता तर दाखवला असता.

आणि मुलींना गोण्या हातोहात द्यायच्या साखळीत उभं करायचं म्हणून पहिल्याच दिवशी वाद कोणी घातला? मुली किचनला आणि मुलं साइटवर असं ठरूनच आलेलं. ते मोडलं मी. आता छोटी गोण्या पास करते आणि मुलं कांदे चिरताना रडतात, छान चाललंय. पण त्या साखळीत मी नाहीये हे काल पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. मुलींसाठी जागा करून दिली आणि स्वतः काठावर शिट्टी घेऊन उभी. मॅडमना हे बोलले असते, पण मॅडमशी सध्या... असो.

सगळ्यात जास्त टोचलं ते डायऱ्या भरताना. वर्षाचे 120 तास, प्रत्येकाचे मी टोटल मारते. कामाचे स्वरूप: श्रमदान, वनराई बंधारा, पायाखालची वाळू काढणे. कामाचे स्वरूप: गोणी भरणे व शिवणे. सगळ्यांचं कसं सरळ. माझ्या डायरीत काय लिहू? व्यवस्थापन? देखरेख? ‘देखरेख’ लिहिलं आणि खोडलं, ते मुकादमासारखं वाटलं. गाडगेबाबा दिवसा हातात झाडू घेऊन गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तन, हे बौद्धिकात मीच सांगितलंय पोरांना. त्यातलं माझ्या वाट्याला नुसतं कीर्तनच आलेलं दिसतंय. शर्टावर बॅज लावलाय, ‘नॉट मी बट यू’वाल्यांचा, आणि रात्री एक वाजता चाललंय काय तर मी, मी, मी.

म्हणून आज सकाळी शिट्टी छोटीच्या गळ्यात घातली आणि साखळीत जाऊन उभी राहिले.

खरं सांगायचं तर मनात होतं की बघाच आता, मी काठावर नसले की कसा गोंधळ होतो. पहिल्या दिवशी काय झालं होतं, गोण्या गळ्यापर्यंत ठासून भरलेल्या, त्या गोलमटोल होतात, एकीवर एक बसतच नाहीत, घसरतात. पाऊण भरा, तोंड शिवा, मग सपाट बसते, हे मी किती वेळा सांगितलं असेल. आणि सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, भिंतीच्या विटांसारखी सांधेमोड करायची, नाहीतर पाणी बरोबर त्या फटीतून वाट काढतं. तर आज काही म्हणजे काही गोंधळ झाला नाही! गोण्या पाऊण भरून आल्या. दाभण-सुतळीवाले गप्प शिवत होते. सांधेमोड एकदम बरोबर, चष्मिस तर एकाला ओरडला की अरे खालचा सांधा बघ ना. गावातले तात्या आले, कमरेवर हात ठेवून बघितलं, आणि माझ्याकडे न बघता छोटीला विचारलं, "बाय, चहा कधी हाय?"

गोणी भिजलेली असली की काय वजन असतं हे मात्र कळलं. पाठ गेली. दोन थर झाले आणि मी मधेच सुटून काठावर बसले, तर साखळी तशीच सुरू, माझी जागा दोघांनी अर्धं अर्धं पाऊल सरकून भरून टाकली. ते बघून मला आधी रडू येईल असं वाटलं आणि मग हसायलाच आलं. म्हणजे काल वाईट वाटत होतं की माझं काम कुणाला दिसत नाही, आणि आज वाईट वाटतंय की मी काम केलं तरी फरक पडत नाही. माझं समाधान करणं अवघड आहे बाबा.

पुढच्या वर्षी मी इथे नसणार. त्यावर आज नको.

बंधारा तरी कुठे राहणार आहे. आपल्या जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, जांभ्या दगडातून झिरपून आणि उतारावरून धावून सगळा समुद्राला मिळतो, आणि एप्रिल-मे आला की वरच्या वाड्यांत टँकर. ह्या गोण्या विहिरीला थोडे जास्त दिवस पाणी धरतील. जूनच्या लोंढ्यात गोण्या जाणार म्हणजे जाणारच, पुढच्या हिवाळ्यात नवी पोरं परत पहिल्या दिवशी गळ्यापर्यंत ठासून भरणार आणि कोणीतरी परत घसा फोडणार. तात्यांनी असे कितीतरी बघितले असतील, म्हणूनच ते चहाचं विचारतात.

एक फोड आलाय, उजव्या करंगळीच्या खाली. लहानसाच. रात्री पडवीत परत फोडांची सभा भरली होती, मी तेल घेऊन दोन फेऱ्या मारल्या, हात मुद्दाम असा उलटा-सुलटा करून बाटली धरली, एकाने विचारलं असेल तर शपथ. छोटी शिट्टी परत द्यायला तयार नाही, ते वेगळंच.

डायरीत शेवटी ‘श्रमदान, 2 तास’ लिहिलंय. बाकीचे तास कोरे ठेवलेत, मॅडमना काय लिहायचं ते लिहू देत.

उद्या: सुतळी संपत आलीय. तात्या म्हणतात थरांमध्ये भरायला ही माती चालणार नाही, शेताकडची चिकट पाहिजे, म्हणजे टेम्पोवाल्याला सकाळीच फोन. साखर दोन किलोच उरलीय, चहा जरा अगोड करायला सांगायचा. चष्मिसची पाठ दुखतेय पण तो सांगणार नाही, त्याला दाभण देऊन बसवायचं. आणि ते फावडं अजून सापडलेलं नाही.