आदी नळी, मगे दिवो

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून पाठवा, असा निरोप आला आणि डोळ्यांसमोर उभे राहिले ते विज्ञानाचे सर. त्यांच्या पाठोपाठ बंदरावरचा आपला वेल्डिंगवाला मित्र. सरांचं नाव सांगायची गरज नाही. मित्राचं लिहायला अजून हात धजत नाही.

सरांचा ऑक्सिजनचा प्रयोग आठवा. परीक्षानळीत पोटॅशियम परमँगनेट, तोंडाशी कापसाचा बोळा, नाहीतर जांभळी पूड वाहकनळीत शिरते. परीक्षानळीचं तोंड किंचित खाली, बुडाशी दिवा. पहिले बुडबुडे सोडून द्यायचे, कारण ती नुसती हवा. मग पाण्यात उपड्या धरलेल्या वायुपात्रात वायू गोळा करायचा. त्यात विझत आलेली काडी धरली की भक्कन पेटायची. आपल्या मित्राने वाहकनळी पाण्यातच ठेवून दिवा आधी काढला. आतला वायू आकसला, गार पाणी उलटं चढलं आणि तापलेली काच तडकली. सर रागावले नाहीत. "आदी नळी, मगे दिवो," एवढंच म्हणाले आणि पाणी वर का चढलं, ते त्याच्याकडूनच फळ्यावर लिहून घेतलं. सरांचा राग फक्त एककावर. आकड्यापुढे एकक नसलं की अर्धा गुण गेलाच, आणि त्याचा तो दर परीक्षेत जायचा.

एप्रिल 2021 मध्ये कारखान्यांचा ऑक्सिजन कोरोनाच्या रुग्णांकडे वळवला गेला. वर्कशॉप बंद ठेवून आपला मित्र गावाच्या विलगीकरण केंद्रात सिलेंडर जोडायला जाऊ लागला. पोरांना शिकवायचा तेही सरांसारखंच, कारणासकट. रेग्युलेटर बसवण्याआधी बाजूला उभं राहून व्हॉल्व्ह क्षणभर उघडायचा, म्हणजे तोंडातली धूळ उडून जाते. हाताला तेल, ग्रीस नको. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं. जोडावर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा आला तर पान्हा आवळत बसायचं नाही, आधी वॉशर बघायचा. आपल्या खाऱ्या हवेत आटेही लवकर खराब होतात. वायू ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीतले बुडबुडे थांबले आणि रुग्णापर्यंत वायू पोचत नाही, तर नळी कुठे दुमडली का, उशाखाली दबली का, ते बघायचं. मोठ्या डी टाइप सिलेंडरमध्ये 7000 लिटर. मिनिटाला 5 लिटरने 23 तास, 10 लिटरने साडेअकरा. दाबाचा काटा 150 बारवरून 75 बारवर आला म्हणजे निम्मा संपला, आणि रात्री बदली करायला दोन माणसं लागतात. हा हिशेब त्याने वर्कशॉपच्या दारावर खडूने लिहून ठेवला होता.

16 मेला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं. वीज गेली, हवेतून ऑक्सिजन काढणारी कॉन्सन्ट्रेटर यंत्रं बंद पडली. केंद्रातले रुग्ण त्याने जोडून ठेवलेल्या सिलेंडरांवर होते. तो स्वतः तेव्हा दुसरीकडे खाटेवर होता. त्याच आठवड्यात तो गेला.

अंत्यविधीला तेव्हा वीस माणसांची मर्यादा. खांदा नाही, घरी समाचाराला जाणं नाही. कर्मचाऱ्यांनी पिशवीची चेन उघडून लांबून चेहरा दाखवायला नियमांत मुभा होती, अस्थी गोळा करायलाही आडकाठी नव्हती. त्या घाईत हे घरच्यांना कुणी सांगितलं नाही, त्यांनाही विचारायचं सुचलं नाही. चेहरा बघायचा राहिला, ही सल त्याच्या आईला आजही आहे. ज्याला शेवटचं पाहिलेलं नाही, तो गेला हे मन मानत नाही. बंदरावर वेल्डिंगची ठिणगी उडाली की अजून मान तिकडे वळते.

शाळेत आता सरांचा तो ऑक्सिजनचा प्रयोग पडद्यावर दाखवतात, असं ऐकलं. पडद्यावर काच तडकत नाही. महोत्सव समितीला हात जोडून विनंती, वर्षातून एकदा तरी तो मुलांच्या हातांनी होऊ द्या.

निर्बंध उठल्यावर सर काठी टेकत त्याच्या घरी गेले, मग वर्कशॉपवर. दारावरचा खडू पावसाच्या झडीने खालून पुसट झाला होता, वरचं वाचता येत होतं. सरांनी चष्मा पुसला आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत गेले. 7000 पुढे लिटर. 5 पुढे लिटर प्रति मिनिट. 23 पुढे तास. खालच्या पुसट ओळीशी वाकून पाहिलं, तिथेही होतं. बराच वेळ ते तसेच उभे राहिले आणि दारावर हात ठेवून म्हणाले, "सगळीकडे लिवलंस रे झिला."