आमची वाटचाल : सोयाबीन तेल आणि ऑक्सिरेनची रिंग

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना सुरू झाला तेव्हा आमच्याकडे दोन टनांचा एक स्टेनलेस स्टीलचा रिअ‍ॅक्टर, सहा माणसे आणि एकच उत्पादन होते : एपॉक्सिडाइज्ड सोयाबीन ऑइल, ज्याला या धंद्यात सगळे ईएसबीओ म्हणतात. तेल लातूरहून टँकरने यायचे आणि तयार माल ड्रममध्ये भरून भिवंडी, वसई, दमणच्या पीव्हीसी कंपाउंडरकडे, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकमध्ये लागणारे घटक मिसळणाऱ्यांकडे जायचा.

या मालाचे रसायन जुने आहे. रशियन रसायनशास्त्रज्ञ प्रिलेझाएव्ह यांनी 1909 मध्ये पेरॉक्सी आम्लाच्या साहाय्याने दुहेरी बंधावर एक ऑक्सिजन आणि दोन कार्बन अशा तीन अणूंची रिंग, म्हणजेच ऑक्सिरेन, बसवून दाखवली. सोयाबीन तेलाच्या एका रेणूत सरासरी साडेचार दुहेरी बंध असतात, त्यामुळे त्यावर अशा रिंगा भरपूर बसतात. आम्ही तेलात थोडे फॉर्मिक आम्ल घालतो आणि 50 टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड पाच-सहा तास हळूहळू सोडतो; त्यांच्यातूनच पेरॉक्सी आम्ल तयार होते. त्यानंतर खालचा आम्लाचा थर काढणे, पाण्याने आणि सौम्य सोड्याने धुणे आणि व्हॅक्यूमखाली वाळवणे ही कामे शिस्तीची असली तरी अवघड नाहीत. अवघड आहे ती उष्णता सांभाळणे. एक टन तेलाची बॅच पूर्ण होईपर्यंत जी उष्णता बाहेर पडते, तिच्यावर सुमारे साडेतीन टन गार पाण्याला उकळी आणता येईल; आणि ही सगळी उष्णता जॅकेटमधल्या थंड पाण्याने वेळच्या वेळी काढून तापमान 60 ते 65 अंशांत ठेवावे लागते.

हा धडा आम्हाला पहिल्याच वर्षी महागात पडला. पाळी लवकर संपावी म्हणून पेरॉक्साइडचा व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडला गेला आणि तापमान 80 अंशांच्या वर गेले. पेरॉक्साइड तातडीने बंद करून आणि चिलरचे पाणी पूर्ण सोडून बॅच आवरली, कोणालाही इजा झाली नाही. तेल दिसायला स्वच्छ, फिकट पिवळे होते, फक्त हाताला नेहमीपेक्षा दाट लागत होते. ऑक्सिरेनचे प्रमाण साडेसहा टक्क्यांऐवजी पाचच्या खाली आले होते, तरी इतर मालात मिसळून ते पाठवण्याचा निर्णय मी घेतला, आणि तो चुकीचा होता. महिन्याभराने ग्राहकाने बॅगेच्या रेक्झिनचा एक तुकडा माझ्या टेबलावर ठेवला. त्याच्यावर बोट टेकवले की बोटाचा ठसा उमटायचा, आणि गोदामातली धूळ त्या चिकट पृष्ठभागावर गच्च बसली होती. उष्णतेने आणि आम्लाने रिंगा उघडून त्यांच्या जागी हायड्रॉक्सिल गट आले होते, आणि असे तेल पीव्हीसीत नीट सामावत नाही, ते हळूहळू बाहेर सुटते. सगळा माल आम्ही परत घेतला. त्या दिवसापासून ऑक्सिरेनचे टायट्रेशन, म्हणजे रिंगांचे प्रमाण मोजणारी चाचणी, केल्याशिवाय एकही ड्रम गेटबाहेर गेलेला नाही. क्रिस्टल व्हायोलेटचा जांभळा रंग निळसर हिरवा होईपर्यंत ब्युरेटमधून थेंब थेंब सोडणारी आमची पहिली लॅब असिस्टंट आज गुणवत्ता विभाग सांभाळते.

पीव्हीसीमध्ये या तेलाचे काम दुहेरी आहे. ते प्लास्टिकला थोडी लवचिकता देते, परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्लास्टिक वितळवून आकार देणाऱ्या एक्स्ट्रूडर यंत्राच्या 160 ते 190 अंश तापमानाला पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड सुटू लागतो, तो रिंगेत अडकतो. तो मोकळा राहिला तर विघटन आणखी वेगाने होते आणि पारदर्शक नळी आधी पिवळी, मग तपकिरी पडते. कॅल्शियम-झिंक स्टॅबिलायझरसोबत शंभर भाग पीव्हीसी रेझीनला तीन ते पाच भाग ईएसबीओ पुरते. संपूर्ण डीओपी (पीव्हीसी मऊ करणारे नेहमीचे रसायन) काढून त्याजागी हेच घाला, असे आम्ही कोणत्याही ग्राहकाला सांगत नाही, कारण प्रमाण फार वाढवले तर तेल सुटणारच.

वंगणाकडे आम्ही वळलो ते एका वर्कशॉपच्या तक्रारीमुळे. त्यांनी धातूच्या कटिंगसाठी साधे वनस्पती तेल वापरून पाहिले होते. टूल छान चालले, पण काही आठवड्यांत मशीनवर वार्निशसारखा चिकट थर धरला. वनस्पती तेलाचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स 200 च्या वर असतो, खनिज तेलाचा साधारण 100, म्हणजे तापमान वाढले तरी वनस्पती तेल कमी पातळ होते आणि धातूला घट्ट धरून राहते. त्याचे दुखणे दुहेरी बंधांत आहे, तिथेच हवेतला ऑक्सिजन शिरतो. एपॉक्सिडेशनने ते बंध जातात, परंतु तेल दाट होते आणि थंडीत गोठते. म्हणून इथे जी रिंग आम्ही इतकी वर्षे जपली, तीच मुद्दाम उघडावी लागते : तिच्यावर लांब साखळीचे अल्कोहोल जोडायचे आणि उरलेला हायड्रॉक्सिल गट अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइडने झाकायचा. अमेरिकेतील पिओरिया येथील सरकारी कृषी प्रयोगशाळेने सोयाबीन तेलावर या दिशेने पुष्कळ संशोधन प्रसिद्ध केले आहे, आणि आम्ही त्यातूनच शिकलो. आमच्या जुन्या ऑपरेटरांना हे पटवायला वेळ लागला, कारण रिंग उघडणे म्हणजे बॅच बिघडणे असेच ते मानत आले होते.

आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो, तेव्हा खायचे तेल प्लास्टिकात का घालता, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो मला रास्त वाटतो. म्हणून गेली दोन वर्षे आम्ही करंजाच्या अखाद्य तेलावर काम करत आहोत. त्यात दुहेरी बंध कमी असल्याने ऑक्सिरेन 4 टक्क्यांच्या आसपासच थांबते आणि पीव्हीसीसाठी ते अपुरे पडते. शिवाय करंजाचा उग्र वास आणि रंग काढण्यासाठी दोनदा ब्लीचिंग करावे लागते. वंगणासाठी मात्र तेवढे पुरेसे आहे. त्याचे दोन ड्रम सध्या भोसरीतील त्याच वर्कशॉपमध्ये दोन लेथवर चालू आहेत, आणि टाकीतल्या तेलाचा नमुना दर पंधरवड्याला आमच्या लॅबमध्ये येतो. चार नमुन्यांपर्यंत अ‍ॅसिड व्हॅल्यू, म्हणजे तेल खराब होऊ लागल्याची खूण असलेले आम्लाचे प्रमाण, फारशी हललेली नाही. पाचवा येत्या सोमवारी यायचा आहे.