चार इंच गवत

२०१९च्या ऑगस्टमध्ये ओवायही काउंटीतल्या एका ओढ्यावर भटकायला गेलो होतो. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यातला हा सेजब्रशच्या करड्या झुडपांचा माळ. ऐन उन्हाळ्यात हिरवं काही दिसायचं तर अशा ओढ्यांच्या काठीच. तिथे गवत घोट्यापर्यंतही नव्हतं. खुरांनी काठ ढासळलेले, पाण्यात शेण, विलोची झुडपं (आपल्या वाळुंजाची भावंडं) गुरांचं तोंड पोचेल तिथवर ओरबाडलेली.

मी माण तालुक्यातला, घरी मेंढरं होती. जनावर चरताना पाहून हळहळणारा माणूस मी नव्हे. पण ही जमीन सरकारी, म्हणजे एका परीनं गायरानच, हे कळल्यावर घरी येऊन ती जमीन सांभाळणाऱ्या सरकारी खात्याला, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटला, अर्थात बीएलएमला, तावातावानं ईमेल लिहिली. उत्तर आलं, तेही सभ्य. त्या चराई परवान्याची मुदत संपलेली आहे, नूतनीकरण व्हायचं आहे. लक्ष घालायचं असेल तर 'इंटरेस्टेड पब्लिक', म्हणजे या कामात रस असलेला नागरिक, म्हणून लेखी अर्ज करा.

मी ते महिनाभर तसंच ठेवलं. मुदत संपली म्हणजे गुरं बाहेर निघतील, असा माझा भाबडा समज. तसं नसतं. अमेरिकेच्या काँग्रेसनं, म्हणजे संसदेनं, २०१४ साली केलेल्या कायद्यातल्या दुरुस्तीमुळे पर्यावरणाची तपासणी पूर्ण होईपर्यंत जुना परवाना जुन्याच अटींवर चालू राहतो. आणि नूतनीकरणाच्या प्राथमिक निर्णयावर हरकत घ्यायचा हक्क परवानाधारकाला, अर्जदाराला आणि नोंद झालेल्या इंटरेस्टेड पब्लिकला. ईमेल लिहिणाऱ्या रागावलेल्या माणसाला नाही. मग धावत अर्ज केला.

कामाला खरी सुरुवात झाली ती एका निवृत्त वनस्पतितज्ज्ञ बाईंमुळे. बीएलएमला पाठवायच्या पत्राचा माझा मसुदा वाचून त्यांनी दोनच प्रश्न विचारले : गवत किती इंच? काठ किती फूट ढासळलाय? मी गप्प. मग त्यांनी हान खटल्याची गोष्ट सांगितली. १९९७ साली ओवायहीतलेच ६८ परवाने पर्यावरणाची पुरेशी तपासणी न करता दिले म्हणून आयडाहो वॉटरशेड्स प्रोजेक्ट ही संस्था कोर्टात गेली होती. कोर्टानं गुरं हाकलली नाहीत. तपासणी होईपर्यंत अंतरिम अटी घातल्या : ओढ्याकाठचं गवत चार इंचांखाली जाऊ द्यायचं नाही, गुरांनी मोडलेला काठ दहा टक्क्यांच्या आत. २००२ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टानं ते उचलून धरलं. कायदा पट्टीनं मोजून बोलतो, हे मला तिथं कळलं.

त्यानंतरचे तीन उन्हाळे मी पट्टी घेऊन त्या ओढ्यावर गेलो. तेच खडक, तोच कोन, तीच तारीख. प्रत्येक फोटोत पट्टी आणि जीपीएसचे आकडे. बायको म्हणायची, गावाकडे गवत कापायला बोलावलं तर कंबर धरायचास.

सगळं अडतं ते एका शब्दावर : कारण. १९९५च्या नियमांप्रमाणे बीएलएमला राज्यवार जमिनीच्या आरोग्याचे निकष ठरवावे लागले. आयडाहोत ते आठ आहेत. नुसता निकष हुकून भागत नाही. तो हुकण्यामागे चराई हे महत्त्वाचं कारण आहे, असा निष्कर्ष निघाला तरच पुढच्या चराई वर्षापूर्वी, म्हणजे १ मार्चच्या आत, बदल करणं बंधनकारक होतं. आणि कारणं तिथे ढीगभर. दुष्काळ आहे, वणवे आहेत, परदेशातून आलेलं चीटग्रास आहे, जे जूनमध्येच वाळून काडेपेटीसारखं पेटतं. माझे फोटो इथे कामाला आले, कारण गुरांना कुंपण घातलेला एक लहान तुकडा त्याच ओढ्यावर होता. पाऊस तोच, ऊन तेच, पण आत गवत गुडघाभर.

पर्यावरण अहवाल आला, त्यावर मी सूचना पाठवल्या, या वेळी नऊ पानं आणि एकही विशेषण नाही. प्राथमिक निर्णय रजिस्टर टपालानं आला. हरकतीला पंधरा दिवस. पत्राच्या तळाशी स्पष्ट लिहिलेलं की हरकत कागदावर, सहीनिशी हवी. मी सवयीनं ईमेल करणार होतो; बाईंनी तेराव्या दिवशी फोन करून विचारलं म्हणून वाचलो.

अंतिम निर्णयात ओढ्याकाठचं कुरण जुलै-ऑगस्टमध्ये गुरांना बंद झालं. गुरांची संख्या मात्र तीच राहिली, आणि माझ्या मते तीच जास्त आहे. दरही जवळजवळ फुकटच म्हणायचा. एक गाय वासरासह किंवा पाच मेंढ्या, महिनाभर चारायला २०२३ साली सरकारी भाडं १.३५ डॉलर. एवढ्यात कपभर कॉफी येत नाही. अपील करायला तीस दिवस होते, आणि स्थगिती हवी असेल तर तिचा अर्ज अपिलासोबतच जोडावा लागतो. मी बसून हिशेब केला आणि थांबलो.

रँचर, म्हणजे त्या गुरांचा मालक, थांबला नाही. त्यानं अपील केलं, स्थगिती मागितली. ती नाकारली गेली. त्याला मी पहिल्यांदा भेटलो तो त्याच काळात, माळावरच्या फाटकाशी. शिव्या खायची तयारी ठेवून गेलो होतो. तो म्हणाला, "आजोबांपासून इथेच चारतोय. कार्यालयात बसलेल्यांना काय कळतं?" मला हिवरे बाजारची चराईबंदी आठवली. तिथे ग्रामसभा बसली, ज्यांची जनावरं त्यांनीच ठरवलं. इथे तो आणि मी एकाच ओढ्याबद्दल दोन वर्षं एकाच टेबलावर कागद पाठवत होतो आणि एकमेकांना ओळखतही नव्हतो.

बंदीच्या पहिल्या वर्षी गुरं ३० जूनला हलली. सप्टेंबरात पट्टी घेऊन परतताना तो पुन्हा फाटकाशी भेटला.

"किती भरलं?"

"खाली पाच. वरच्या वळणावर अडीच."

"वरच्या वळणावर कुंपण मोडलंय," तो म्हणाला, आणि पिकअपमधून तारेचं भेंडोळं काढायला गेला.