मामांना आलेले दोन मेसेज

जानेवारीतला मंगळवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. मामांचा फोन. मामा ऑफिसच्या वेळेत कधी फोन करत नाहीत, म्हणून काळजाचा ठोका चुकला.

"काय रं, कारखान्यानं बिल दोनदा टाकलंय काय?"

"म्हणजे?"

"मेसेज दोन आल्यात. टन त्येच, रक्कम तीच. एक वाचून चष्मा काढतोय तवर दुसरा."

मी पुण्यात एका लहान कंपनीत आहे. आम्ही सहकारी साखर कारखान्यांना सॉफ्टवेअर करून देतो, आणि त्यातल्या एका कारखान्याचे मामा सभासद. दर पंधरवड्याला ऊसबिल काढलं की खातेदारांना एसएमएस जातो. तो पाठवणारं बटण माझं. त्या दिवशी साडेदहाला ते कारखान्याच्या शेतकी विभागातून दाबलं गेलं होतं, आणि माझ्या समोरच्या स्क्रीनवर ओळी छान एकेक करून सरकत होत्या. खाते क्रमांक, नाव, ‘पाठवला’. दोनदा कुठेच काही नव्हतं.

त्या स्क्रीनचा मला जरा जास्तच अभिमान होता, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगतो.

पाठवण्याचं काम करतो सी या भाषेतला एक जुना प्रोग्राम. माझ्या आधीच्या माणसानं लिहिलेला, चिवट. त्याला चालवणारी शेलची (टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामची) एक ओळ आहे: डेटाबेसमधून यादी काढायची, ती क्रमानं लावायची, पाइपमधून, म्हणजे एकाचं आउटपुट थेट दुसऱ्याच्या तोंडात, या प्रोग्रामला द्यायची. पूर्वी ही ओळ कोणीतरी सर्व्हरवर जाऊन हातानं चालवायचं. मी ती ब्राउझरमधल्या बटणामागे आणली, नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं) आणि आरएक्सजेएस (येत राहणारा डेटा हाताळणारी लायब्ररी) वापरून. पहिल्या आवृत्तीत कमांड चालवायला नोडमधलं ‘एक्झेक’ वापरलं. ते सगळं आउटपुट पोटात साठवतं आणि काम संपल्यावर एकदम हातात देतं. वर १ एमबीची मर्यादा, ती ओलांडली की प्रोसेसच, म्हणजे चालू प्रोग्रामच, मारून टाकतं. पाऊण तास कोरी स्क्रीन बघत बसणं कारखान्यातल्या लोकांना जमेना. ते परत बटण दाबायचे. (हे वाक्य मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.)

मग नोडमधल्याच ‘स्पॉन’वर आलो. तुकडे येतील तसे दाखवायचे. तरीही ओळी एकेक येईनात, तीस-चाळीसचा लोंढा यायचा, मग शांतता, मग परत लोंढा. टर्मिनलवर, म्हणजे हातानं कमांड टाइप करायच्या खिडकीत, हाच प्रोग्राम ओळीगणिक बोलतो, पण समोर टर्मिनल नसून पाइप आहे असं दिसलं की सी ची लायब्ररी ओळीची वाट बघणं सोडून देते आणि ४०९६ बाइट भरले की एकदम ओतते. ओळ कुठे तुटली, अक्षर कुठे तुटलं याची तिला फिकीर नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइटचं. म्हणून दर लोंढ्याच्या टोकाला कुणाच्या तरी नावात काळी शंकरपाळी आणि तिच्या पोटात प्रश्नचिन्ह. ‘पांडुरंग’ अर्धा इकडे, अर्धा तिकडे. कमांडच्या आधी ‘स्टडबफ’ लावून ओळीगणिक बोलायला लावलं, आणि स्ट्रीमला यूटीएफ-८ आधीच सांगून ठेवलं, म्हणजे अपुरे बाइट नोड पुढच्या तुकड्यासाठी धरून ठेवतं. शंकरपाळ्या गेल्या. कारखान्याचे हेड अकाउंटंट म्हणाले, "आता कसं, माणूस बोलतोय असं वाटतंय." मी आठवडाभर हवेत.

तर मामांचा फोन ठेवला आणि ‘थांबवा’ दाबलं. स्क्रीन जागच्या जागी थांबली. हुश्श केलं. मग गेटवेचं, म्हणजे आमचे एसएमएस पुढे पोचवणाऱ्या सेवेचं, पॅनेल उघडलं, तर शिल्लक क्रेडिट उतरतंच होतं. एका सेकंदाला पाच-सहा. मराठी एसएमएस ७० अक्षरांतच संपतो, त्यापुढे गेला की दोन मेसेजचे पैसे लागतात, आणि आमचा तर कायम पुढे जातो.

सर्व्हरवर ‘पीएस’ मारलं, चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड. त्या दोन ओळी अजून डोळ्यांसमोर आहेत. तोच पाठवणारा प्रोग्राम, दोनदा. एकाच्या पालकाच्या, म्हणजे त्याला सुरू करणाऱ्या प्रोसेसच्या, रकान्यात १. दुसऱ्याचा पालक शेल, आणि शेलचा पालक माझा नोड, ठणठणीत जिवंत.

१ म्हणजे अनाथ. माझं ‘थांबवा’ शेलला मारत होतं. शेल गेलं, पण त्यानं जन्माला घातलेला प्रोग्राम मागे राहिला, आणि लिनक्समध्ये पोरका झालेला प्रोसेस पहिल्या प्रोसेसच्या पदरात पडतो आणि आपलं काम करत राहतो. त्याला कोणी थांब म्हटलंच नव्हतं. एवढं कळलं. पण दुसरा कोण? बटण तर एकदाच दाबलं होतं, शेतकी विभागात फोन करून विचारलं, तिथल्या बाई जवळजवळ चिडल्याच, "एकदाच दाबलं हो साहेब, देवाशपथ."

दोन्ही हातानं ‘किल’ केले. पॅनेलवरचा आकडा थांबला. मेसेज गेलेले खातेदार साधारण ३,०००, आणि बहुतेकांना दोनदा.

शेजारी बसणाऱ्या सहकारीला बोलावलं. ती आली, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "मामांचं खातं शोध." स्क्रीनवर मामांची ओळ होती, शेवटी गेटवेनं दिलेला मेसेज क्रमांक, त्यातले शेवटचे आकडे ४१७. मग लॉगची, म्हणजे गेलेल्या मेसेजच्या नोंदींची, फाइल उघडली. तीच ओळ, तेच नाव, शेवटचे आकडे ५८३.

आम्ही दोघं गप्प. स्क्रीन आणि फाइल एकाच कामाच्या दोन नोंदी आहेत असं मी समजत होतो. त्या दोन कामांच्या नोंदी होत्या. स्क्रीन एका फेरीची साक्षीदार, फाइल दुसऱ्या फेरीची, आणि दोघीही खरं बोलत होत्या.

फाइल मीच आदल्या शुक्रवारी घातली होती. अकाउंटंट साहेबांना पुरावा हवा होता, ‘मला आलाच नाही’ म्हणणाऱ्या सभासदाला दाखवायला. मी काय केलं, कमांड चालवून ओळी पुरवणारा जो ऑब्झर्व्हेबल (आरएक्सजेएसमधली वस्तू) होता त्याला स्क्रीननं सबस्क्राइब केलेलं, म्हणजे त्याच्या ओळी मागितलेल्या, होतंच, त्यालाच फाइलसाठी आणखी एकदा सबस्क्राइब केलं. एक ओळ. कोडमध्ये इतकी निष्पाप दिसते की सहकारीनं ती तपासून पासही केली होती.

ऑब्झर्व्हेबल म्हणजे वाहता नळ आणि सबस्क्राइब म्हणजे त्याखाली धरलेली बादली, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दोन बादल्या धरल्या, बिघडलं काय? पण असा साधा ऑब्झर्व्हेबल नळ नसतो. तो खानावळीचा मेनू असतो. कोणी मागेपर्यंत चूलही पेटत नाही, आणि दोघांनी मिसळ मागितली की दोन प्लेटा येतात. माझ्या फंक्शनच्या पहिल्याच ओळीत ‘स्पॉन’ होतं, म्हणजे प्रत्येक सबस्क्राइबला ते फंक्शन पहिल्यापासून चालणार, प्रत्येकाला नवा शेल, नवी यादी, नवे एसएमएस. आकड्यांची नुसती बेरीज करून दाखवणारं काही असतं तर दोनदा झालेलं कोणाला कळलंही नसतं. टेस्ट सर्व्हरवर तर प्रोग्राम नुसता छापतो, पाठवत नाही. तिथे स्क्रीन बरोबर होती, फाइल बरोबर होती.

मध्येच एक ‘शेअर’ घातलं असतं तर कमांड एकदाच चालून दोघांना वाटली गेली असती. दुपारी ते घातलं. त्याचीही खोड आहे: शेवटचा ऐकणारा उठून गेला की ते मूळ काम बंद करतं. म्हणजे नुसत्या स्क्रीनसाठी वापरलं असतं तर शेतकी विभागातल्या बाईंनी ब्राउझरचा टॅब मिटला की बिलाचे मेसेज अर्ध्यात थांबले असते. आता फाइल सर्व्हरवरच शेवटपर्यंत ऐकत बसते, म्हणून निभावतं. शेलला स्वतःच्या वेगळ्या गटात सुरू करून ‘थांबवा’ दाबल्यावर सगळ्या गटाला सिग्नल देणं, हे पण त्याच दुपारी केलं. अनाथ राहत नाहीत आता.

खरं औषध मात्र डेटाबेसमध्ये होतं. पंधरवडा आणि खाते क्रमांक या जोडीला यूनिक की. आधी नोंद करायची, नोंद झाली तरच पाठवायचं. कोड दोनदा चालो, बटण दहादा दाबलं जावो, दुसरी नोंद होतच नाही. हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं, कोऱ्या स्क्रीनसमोर लोक परत बटण दाबत होते तेव्हाच.

पण आधी निस्तरायचं होतं. शेतकी अधिकाऱ्यांचा फोन आला, आवाज शांत, म्हणून जास्त भीती वाटली. "गावोगाव बोंब झालीय. लोक बँकेत पासबुक घेऊन उभे आहेत." ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, पण पंधरवड्याचं बिल ही गावात किती वाट बघितली जाणारी गोष्ट आहे, हे कागदावर कळत नाही. त्यांचं म्हणणं, तिसरा मेसेज टाका, दुसरा चुकीचा होता म्हणून. तो टाकता येईना. एसएमएसचा मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि ‘आमची चूक झाली’ या मजकुराची मंजुरी आम्ही कधी मागितलीच नव्हती. शेवटी प्रत्येक गटाच्या चिटबॉयनं (कारखान्याच्या गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यानं) गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: बिल एकच, मेसेज दोन. राहिलेल्यांना संध्याकाळी सहाला पाठवले, यादी हातानं गाळून, मी आणि सहकारी दोघं स्क्रीनला नाक लावून.

रात्री मामांना फोन केला. सगळं सांगितलं, मेनूसकट. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजी चूक तुझी व्हय?"

"माझीच."

"बँकेत जाऊन आलो मी. एकदाच जमा हाय."

"मग दुसरा मेसेज पुसून टाका, मामा."

"न्हाई पुसत. मागल्या सालचं दोनशे रुपये टनाला देणं बाकी हाय कारखान्याकडं. त्येचा मेसेज म्हणून ठिवतो."