बीपी नीट असताना बीपीची गोळी

बीपी नीट असताना बीपीची गोळी का देतो, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इंदूरला न्यूरो वॉर्डात माझी रात्रपाळी असली, की कुणीतरी नातेवाईक हटकून विचारतातच, "सिस्टर, केमिस्ट म्हणाला ही बीपीची गोळी. बाबांचं बीपी तर नीट आहे. मग रात्री दोनला उठवून का देता?"

केमिस्टचं चुकलं नाही. ही गोळी म्हणजे निमोडिपिन, बीपीच्या औषधांच्याच घराण्यातलं औषध. पण मेंदूतल्या धमनीवरचा फुगा फुटून भोवती रक्त पसरलं, की फुगा बंद केल्यावरही धोका टळत नाही. साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसांत धमन्या आखडतात आणि मेंदूला रक्त कमी पडतं. पेशंट बोलायला लागलेला असतो, घरचे रामबागेतून मऊ भात घेऊन आलेले असतात, आणि त्याचा एक हात उचलेनासा होतो. पहिल्या घावातून वाचलेली माणसं या दुसऱ्या घावात गेलेली मी पाहिली आहेत. म्हणून या गोळीची वेळ मी चुकू देत नाही.

1989 मध्ये ब्रिटनमधल्या 554 पेशंटांच्या चाचणीचा निकाल आला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्या 33 टक्के लोकांच्या मेंदूचा काही भाग रक्ताअभावी मेला, निमोडिपिनवाल्यांत 22 टक्के. नवल म्हणजे, तपासणीत धमन्या काही फारशा मोकळ्या झालेल्या दिसत नाहीत. पेशींत जादा कॅल्शियम शिरू न देता हे औषध मेंदूलाच सांभाळत असावं.

डोस 60 मिलिग्रॅम, दर चार तासांनी, 21 दिवस. आधी हाताला बीपीचा पट्टा. बीपी उतरलं असेल तर डॉक्टरांना विचारून निम्मा डोस दर दोन तासांनी. गिळता येत नसेल तर 30 च्या दोन गोळ्या खलून, पाण्यात कालवून नाकातल्या नळीतून देते, मागून साधं पाणी. त्या सिरिंजवर लाल अक्षरांत 'तोंडाचं' लिहून ती वेगळ्या ट्रेमध्ये ठेवते. चुकून शिरेत गेलं तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो.

"मग कोलेस्टेरॉलची गोळीही चालेल का?" हेही विचारतात. आशा होती खरी. सिमव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध अशाच 803 पेशंटांवर तपासलं, तेही 21 दिवसांपर्यंत देऊन. 2014 मध्ये निकाल आला, फायदा नाही. तेव्हा घरून आणलेला गोळ्यांचा डबा उशाशी ठेवू नका, आधी मला दाखवा.