व्होल्टेज आणि करंट मोजून रेझिस्टन्स अन् पॉवर काढायचा माझा अनुभव

शाळेत ओहमचा नियम सगळ्यांनीच पाठ केलेला असतो, गणितंही सोडवलेली असतात, पण खरी वस्तू समोर ठेवून तिचा रेझिस्टन्स आणि पॉवर स्वतः मोजून काढायचं माझं कधी झालंच नव्हतं. मध्यंतरी एक व्होल्टेज कमीजास्त करता येणारा डीसी सप्लाय हाताशी आला, मल्टीमीटर दोन होतेच, मग म्हटलं बघूया करून. फॉर्म्युले म्हणाल तर दोनच, व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स आणि व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर. सातवीतलं पोरगंही करेल. घाम निघतो तो मोजताना.

सुरुवात केली साध्या १०० ओहमच्या, पाव वॅटच्या रेझिस्टरने. एक मीटर करंटवर टाकून सिरीजमध्ये जोडला, म्हणजे सगळा करंट त्याच्यातूनच जाणार, आणि दुसरा व्होल्टेजवर टाकून त्याचे प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरींची टोकं, थेट रेझिस्टरच्या दोन पायांवर धरले. सप्लायच्या टोकांवर नाही हं, कारण करंट मोजणारा मीटर स्वतः थोडं व्होल्टेज खातो, वायरीही खातात, आणि सप्लायच्या डिस्प्लेवरचा आकडा धरला तर ते सगळं आपल्या हिशोबात घुसतं. करंटवर टाकलेला मीटर चुकूनही सप्लायच्या दोन टोकांत आडवा लावायचा नाही, तो जवळजवळ शॉर्टच असतो, आतला फ्यूज तरी जातो नाहीतर मीटर तरी.

आकडे आले ४.९८ व्होल्ट आणि ५०.३ मिलिअँप. इथे एक सोपी युक्ती सापडली, मिलिअँपचं अँपिअर करत बसायचं नाही, शून्यं मोजताना डोकं फिरतं, व्होल्टला सरळ मिलिअँपने भागायचं आणि उत्तर किलोओहममध्ये घ्यायचं. ०.०९९ किलोओहम म्हणजे ९९ ओहम. रेझिस्टरवर सोनेरी पट्टा होता म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे चालतं, त्यात हे आरामात बसलं. तसंच व्होल्ट गुणिले मिलिअँप केलं की मिलिवॅट मिळतात, ते आले साधारण २५०. म्हणजे ५ व्होल्टलाच बिचारा पाव वॅटच्या काठावर आलेला, बोट लावलं तर चटका! १० व्होल्ट दिले असते तर व्होल्टेज दुप्पट, करंटही दुप्पट, म्हणजे पॉवर चौपट, पूर्ण १ वॅट, आणि मग धूर. रेझिस्टर निवडताना लोक ओहम बघतात आणि वॅट बघतच नाहीत, असे रेझिस्टर का जळतात ते हे एक गणित केलं की कळतं.

खरी मजा बल्बने आणली. गाडीच्या इंडिकेटरमध्ये असतो तो १२ व्होल्ट २१ वॅटचा, फिलामेंटवाला, एलईडी नाही. आधी नुसता मल्टीमीटर ओहमवर टाकून मोजला तर जेमतेम अर्धा ओहम, तेही प्रोब एकमेकांना टेकवून जो आकडा येतो तो वजा केल्यावर. आता १२ व्होल्टला अर्धा ओहम म्हणजे २४ अँपिअर होतात, पॉवर जाते २८८ वॅटवर, आणि बल्बवर तर २१ लिहिलंय! मग पेटवून मोजला, मीटरची प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घालून, कारण मिलिअँपच्या सॉकेटला एवढा करंट झेपत नाही. १२ व्होल्ट, १.७५ अँपिअर. पॉवर बरोब्बर २१ वॅट आणि रेझिस्टन्स ६.८६ ओहम, म्हणजे थंड असताना होता त्याच्या तेरा-चौदा पट.

टंगस्टन तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढत जातो, हे वाचलेलं होतं, पण इतका वाढतो? मग व्होल्टेज अर्धं केलं, ६ व्होल्ट. करंट अर्धा व्हायला हवा ना, तर आला १.२ अँपिअर. रेझिस्टन्स ५ ओहम, पॉवर ७.२ वॅट, चौथाई व्हायला पाहिजे होती ती तिसऱ्या हिश्श्याच्याही वर. तेव्हा डोक्यात पक्कं बसलं की बल्बचा रेझिस्टन्स किती असं नुसतं विचारायला अर्थ नाही, किती व्होल्टला ते सांगा मग बोलू. आणि दोन्ही आकडे एकाच वेळी घ्यायचे, आधी व्होल्टेज मग सावकाश करंट असं केलं तर मधल्या काळात वस्तू तापते, बॅटरीवर असाल तर बॅटरीचं व्होल्टेजही लोडखाली खाली येतं. ज्याच्या नावाचा नियम आहे त्या ओहम ह्या शास्त्रज्ञालाही हा त्रास झाला होता, त्याच्या सेलचं व्होल्टेज स्थिर राहीना म्हणून त्याने पुढे तांबं-बिस्मथचं थर्मोकपल, म्हणजे दोन टोकांच्या तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देणारी जोडी, वापरलं आणि १८२७ साली सगळं पुस्तकात मांडलं.

बल्ब चालू करताना सप्लाय क्षणभर करंट लिमिटवर, म्हणजे त्याला देता येईल त्या कमाल करंटवर, जायचा तेही ह्यामुळेच, थंड फिलामेंट पहिल्या झटक्याला खूप करंट ओढतं. असे बल्ब बरेचदा बटण दाबतानाच का जातात त्याचं एक कारण हेच.

हीटरचं मात्र उलट. २३० व्होल्ट १००० वॅट लिहिलेला होता, मेन्सवर मीटर घेऊन खेळायचं नाही हे आधीच ठरवलेलं, म्हणून लेबलवरूनच काढलं, करंट ४.३५ अँपिअर, रेझिस्टन्स ५२.९ ओहम. प्लग काढून, थंड असताना पिनांवर ओहम मोजले तर पन्नासच्या आसपास. हीटरची तार ज्या मिश्रधातूची असते त्या नायक्रोमचा रेझिस्टन्स तापल्यावर थोडाच बदलतो, त्यामुळे इथे थंड मोजलेलं चालून जातं. त्याच आकड्यावरून हेही निघतं की लाईन २०० व्होल्टवर आली की हा हजार वॅटचा हीटर ७५६ वॅटचाच उरतो.

पंखा, मिक्सर असल्या मोटरवाल्या वस्तूंना हा हिशोब सरळ लावू नका. तिथे एसीमध्ये व्होल्टेज आणि करंट एका तालात नसतात, नुसता गुणाकार केला की वॅट जास्त दिसतात, त्याला पॉवर फॅक्टरने, म्हणजे दोघांचा ताल किती जुळतो ते सांगणाऱ्या आकड्याने, गुणावं लागतं, आणि तो साध्या मल्टीमीटरवर दिसत नाही, त्यासाठी वेगळा पॉवर मीटर लागतो.